घरच्या घरी जेवणाचे टेबल



आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जेवणे झाली ती जमिनीवर. पाट मांडावा, ताट वाढावे, मांडी घालावी आणि जेवायला बसावे, ही आपली रीत. गोव्याच्या जुन्या घरांतून पोर्तुगीज अमदानीत जेवणाची मोठमोठी मेजे आली. परंतु देशावरच्या शेतकऱ्याच्या घरात टेबल शिरले ते अगदी अलीकडे. ते आले, ते हौसेपेक्षा गरजेपोटी आले. घरोघरी वडीलधाऱ्यांचे गुडघे बोलू लागले. मांडी घालून बसता येईना, बसले तर उठता येईना. मुलांना रात्री वह्या-पुस्तके पसरायला जागा हवी झाली. आणि आणखी एक गोष्ट बोलून दाखवायला हरकत नाही. आठ माणसांचे टेबल घरात असले म्हणजे त्यातली एक जागा घरच्या बाईचीही असते. सगळ्यांचे आटोपल्यावर एकटीने चुलीपाशी बसण्याची पाळी तिच्यावर येत नाही.

आता हे टेबल आणायचे कुठून? बाजारात तयार मिळतात त्यांतली स्वस्त टेबले लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांची असतात. कड उघडी पडून पाणी मुरले की ती फुगतात आणि मग त्यांचा भुगा होतो. इकडे घरी मात्र बांधावरचा एखादा साग वाळत पडलेला असतो, किंवा जुन्या वाड्याच्या तुळया आणि दारे गोठ्यात रचून ठेवलेली असतात. घरात एखादा हात चालणारा तरुण असतो. मग साहजिकच मनात येते, की टेबल घरीच का करू नये? अवश्य करावे. जेवणाचे टेबल ही सुतारकामातली फार अवघड वस्तू नव्हे. कपाटाला दारे बसवावी लागतात, खुर्चीला वाक द्यावा लागतो. टेबलाला यांतले काही नाही. चार पाय, चार पट्ट्या आणि वर फळ्या. एवढाच संसार.

असे असूनही घरी केलेली कित्येक टेबले पहिल्या उन्हाळ्यातच बिघडतात. वैशाखात एखाद्या रात्री बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज होतो आणि सकाळी पाहावे तर टेबलाच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेलेली. आजोबांनी लावलेल्या झाडाचे लाकूड, दोन महिन्यांची मेहनत, सगळे पाण्यात. मग म्हणतात, लाकूडच वाईट होते. पुष्कळदा लाकडाचा काही दोष नसतो. लाकडाचा एक स्वभाव आहे, तो ध्यानात न घेता ते जखडलेले असते. मी पेशाने सुतार नव्हे. महाविद्यालयात भूगोल शिकवितो, आणि फावल्या वेळी रंधा हातात धरतो. पण हा स्वभाव समजण्यासाठी थोडा भूगोल उपयोगी पडतो, म्हणून आज त्याविषयीच बोलायचे योजले आहे.

तुमच्यापैकी वडील मंडळींना बैलगाडीचे जुने लाकडी चाक आठवत असेल. आता बहुतेक गाड्यांना रबरी टायर आले. पूर्वी लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवीत. चैत्र-वैशाखात काय व्हायचे? चाक खुळखुळू लागायचे आणि धाव सैल व्हायची. मग शेतकरी ते चाक काढून ओढ्याच्या किंवा डोहाच्या पाण्यात भिजत ठेवायचा. लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट. आणि दाराचे उदाहरण तर आजही आपल्या डोळ्यांपुढे आहे. उन्हाळ्यात ज्या दाराच्या फटीतून उजेड येतो, तेच दार श्रावणात खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. दार तेच, चौकट तीच. बदलली ती हवा.

याचे कारण असे. लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची एक मोळी आहे. ज्वारीच्या कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा. ताटे पेंढीच्या लांबीने एकाशेजारी एक उभी असतात. पेंढी पावसात भिजली तर ती जाड होते, पण लांब होत नाही. लाकडाचेही तसेच. झाडाच्या खोडातल्या या नळ्या उभ्या असतात. त्यांच्या भिंतींत पाणी शिरले की भिंती फुगतात, पाणी गेले की आकसतात. म्हणून फळी रुंदीत कमीजास्त होते, लांबीत जवळजवळ होतच नाही.

आकडेच सांगायचे तर, नुकतेच तोडलेले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५ ते ६ टक्के आकसते. गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत पुरता पाव टक्काही नाही. सागवान हे या बाबतीत फार शहाणे लाकूड समजतात; दुसरी कित्येक लाकडे याहून अधिक हलतात.

कुणी म्हणेल, एकदा लाकूड वाळले की संपले. पण तसे नाही. वाळलेले लाकूड हवेतला ओलावा पुन्हा घेते, पुन्हा सोडते. नागपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टमध्ये सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर असते. हवेबरोबर लाकडातला ओलावाही वरखाली होतो. विदर्भ-मराठवाड्याच्या हवेत ३ फूट रुंदीची सागवानी फळी वैशाखापासून श्रावणापर्यंत पाव ते अर्धा इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत २ ते ४ सूत वाढते आणि पुढल्या उन्हाळ्यात तेवढीच घटते. कोकणात बारमाही दमटपणा असतो, त्यामुळे तिथे हा फरक कमी पडतो. पण कोकणात केलेले टेबल लातूरला किंवा अकोल्याला आणले तर ते आकसणारच. शंभर वर्षांच्या वाड्याची तुळई असली तरी तिची फळी पाडल्यावर ती अशीच श्वास घेत राहते. जुने लाकूड चांगले वाळलेले असते हे खरे. पण ते हलायचे थांबलेले नसते.

हे हलणे थांबविण्याची ताकद खिळ्यात नाही, स्क्रूत नाही आणि गोंदातही नाही. दगडाच्या खाणीत भोकांमध्ये कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, त्यांवर पाणी ओतायचे आणि फुगत्या लाकडाने दगड फोडायचा, अशी एक जुनी रीत होती. जे लाकूड दगडाला ऐकत नाही, ते तुमच्या तीन इंची स्क्रूला काय ऐकणार? तेव्हा टेबल करताना धोरण एकच ठेवायचे. लाकडाला अडवायचे नाही, हलायला जागा ठेवायची. एवढे सूत्र पक्के धरले की बाकी सगळे मापाचे आणि धारेचे काम आहे.

आता लाकूड कोणते घ्यावे ते पाहू. सागवान उत्तमच. त्याचा गाभा वाळवीला आणि किडीला सहजी दाद देत नाही, रंधा चांगला चालतो आणि ते फार वाकत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे, आलापल्लीच्या जंगलातले सागवान नावाजलेले आहे. मात्र बांधावरचा पंधरा-वीस वर्षांचा साग आणि जंगलातला जुना साग यांत फरक असतो. कोवळ्या झाडात सालीलगतचे फिकट पांढरे लाकूड पुष्कळ निघते, आणि कीड नेमकी तिथे लागते. टेबलासाठी गाभ्याचे सोनेरी-तपकिरी लाकूडच निवडावे. झाड आपले असले तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, हेही विसरू नये. महाराष्ट्रात झाडतोडीसंबंधी १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन अशी आपल्या नेहमीच्या ओळखीची झाडे आहेत. तोडण्याची आणि लाकूड वाहून नेण्याची चौकशी आधी वन खात्याच्या कचेरीत करावी.

सागवान परवडत नसेल तर आंबा चालतो. तो मऊ, कापायला सोपा आणि स्वस्त. पण त्याला कीड लवकर लागते आणि ओलसर जागी काळे डाग पडतात. म्हणून आंबा नीट वाळवून आणि कीडनाशक प्रक्रिया करूनच घ्यावा. मात्र जेवणाच्या टेबलासाठी कोणती प्रक्रिया चालेल, ते जाणकाराला विचारावे. बाभूळ टणक आणि जड, नांगराची आणि गाडीची. तिचे पाय फार मजबूत होतात, पण रुंद फळ्या सरळ मिळणे कठीण. बाभळीचे आणि आंब्याचे ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तीत अर्थ आहे. लाकडातला किडीला आवडणारा सत्त्वांश पाण्यात उतरतो. कोकणात फणसाचे पिवळे लाकूड चांगले टिकते. आणि जुना वाडा उतरवीत असाल तर त्याच्या तुळया, दारे आणि कडीपाटाच्या फळ्या सरपणात घालू नका. असले सागवान आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही. फक्त करवत लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधून काढा, आणि टोचा मारून वाळवीने आतून पोखरले नाही ना, ते पाहा.

ताजे लाकूड असेल तर फळ्या पाडून ती वाळवावी लागते. दीड इंच जाडीच्या फळीला सावलीत सहा महिने ते वर्ष द्यावे. थेट उन्हात टाकू नये. बाहेरून पटकन वाळते, आत ओले राहते आणि फळी फाटते. जमिनीपासून फूटभर उंच विटांवर थप्पी लावावी. दोन फळ्यांच्या मध्ये दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या घालाव्यात, आणि या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एका ओळीत याव्यात. नाहीतर फळ्या साप वळावा तशा वळतात. फळ्यांच्या दोन्ही टोकांना जाडसा तेलरंग लावावा, कारण नळ्यांची तोंडे तिथे उघडी असतात आणि पाणी तिथूनच घाईने पळते. वर दगडांचे वजन ठेवावे. मग वाट पाहावी. या कामात सगळ्यांत महाग हत्यार सबुरी हेच आहे.

मापे लिहून घेणार असाल तर घ्या. घरगुती टेबल ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३० इंच उंच असावे. माणशी दोन फूट कड धरली तर एका बाजूला तिघे बसतात. दोन्ही टोके धरून दाटीवाटीने आठ आणि ऐसपैस सहा. बसायला खुर्च्यांऐवजी दोन बाके केली तर काम सोपे आणि माणसे जास्त मावतात. बाकाची उंची १८ इंच. मात्र गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एका टोकाला हात असलेली खुर्ची ठेवावी. हाताला आधार असला की उठणे सोपे जाते. टेबलाचे पाय ३ इंच चौरस आणि पावणेएकोणतीस इंच उंच. पायांना जोडणाऱ्या पट्ट्या ४ इंच रुंद, १ इंच जाड. लांब दोन पट्ट्या ६१ इंच आणि आखूड दोन २५ इंच, त्यांत दोन्हीकडचे दीड-दीड इंचाचे कुसू धरले आहेत. वरच्या फळ्या रंधून सव्वा इंच जाडीच्या राहाव्यात. म्हणजे वरचा भाग चौकटीच्या बाहेर चारही बाजूंनी चार-चार इंच येईल. कापण्यातली तूट धरून टेबलाला साधारण साडेचार घनफूट लाकूड लागेल. बाकांचे वेगळे.

हत्यारे फार नकोत. करवत, रंधा, दोन-तीन पटाश्या, मोगरी, गुण्या, गिरमिट, आणि काचकागद. विजेची करवत किंवा विजेचा रंधा असेल तर काम लवकर होते. पण डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके हवेच. सागवानाचा भुसा घशाला आणि कातडीला झोंबतो. आणि हत्याराला धार हवी. बोथट पटाशीने काम वाईट होते, शिवाय हात कापतो, कारण ती जोराने रेटावी लागते.

प्रथम खालची चौकट करावी. पट्टीच्या टोकाला कुसू काढायचा आणि पायाला त्याच मापाचे भोक पाडायचे. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे इथे ३ सूत, आणि लांबी दीड इंच. पायात दोन बाजूंनी येणारे कुसू आत एकमेकांना भिडतात, म्हणून त्यांची टोके तिरपी कापावीत. कुसू भोकात हाताच्या दाबाने आणि मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांनी बसावा. फार ठोकावे लागले तर पाय फुटेल. आपसूक पडला तर सांधा हलेल. गोंद लावून सांधा बसवावा, गुण्याने काटकोन पाहावा आणि दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. कर्ण सारखे असले म्हणजे चौकट सरळ आहे. या चौकटीत लाकडाच्या हलण्याची भीती फारशी नाही, कारण पट्ट्यांची लांबी बदलत नाही.

आता वरचा भाग. सहा इंची सहा फळ्या जोडून तीन फूट रुंदी करायची. सलग तीन फुटी फळी मिळाली तरी ती घेऊ नये, ती वाकते. फळीच्या टोकाला वलयांच्या कमानी दिसतात त्या पाहून ठेवा. फळी वाळताना या कमानी सरळ होऊ पाहतात, त्यामुळे सालीकडची बाजू खोलगट होते आणि गाभ्याकडची फुगीर. अरुंद फळ्यांत हा वाक कमी दिसतो.

फळ्यांच्या कडा अशा रंधाव्यात, की दोन फळ्या एकमेकींवर उभ्या धरून उजेडाकडे पाहिले तर मधून उजेड येऊ नये. ही परीक्षा पास झाल्याशिवाय गोंदाची बाटली उघडू नये. पूर्वी सुतार सरस उकळून लावीत; आता सुतारकामाचा पांढरा गोंद सगळीकडे मिळतो. कडेला कड गोंदाने चिकटविण्यात धोका नाही, कारण सगळ्या फळ्या एकाच दिशेने हलतात, एकमेकींशी भांडत नाहीत. गोंद लावल्यावर फळ्या दाबून धरायला लांब शिकंजे लागतात. ते नसले तर अडून बसू नका. दोन मजबूत वाशांवर, मधे फळ्या मावतील एवढ्या अंतराने लाकडी ठोकळे पक्के करा, फळ्या त्यांच्या मध्ये ठेवा आणि एका बाजूने दोन पाचरी उलटसुलट घालून हळूहळू ठोका. उसाच्या गाड्याला दोर आवळता, तसाच हा प्रकार. मात्र फळ्या उचलून कमानीसारख्या वर येऊ नयेत म्हणून वर वजन ठेवा. रात्रभर तसेच राहू द्या.

आणि आता आपण मुद्द्याच्या जागी आलो. वरचा भाग चौकटीला जोडायचा कसा? इथेच बहुतेक टेबलांचा घात होतो. कुणी वरून चार-चार इंची खिळे मारतो, कुणी लोखंडी कोन लावून चारी बाजूंनी स्क्रू आवळतो, कुणी चौकटीच्या कडेला गोंद फासून वर फळा ठेवतो. पाहा काय होते. टोकाकडच्या आखूड पट्ट्या टेबलाच्या रुंदीच्या दिशेने जातात. त्या पट्ट्यांची ती लांबी, ती हलत नाही. वरच्या फळ्यांची मात्र ती रुंदी, ती पाव-अर्धा इंच हलणारच. एक म्हणतो मी जाणार, दुसरा म्हणतो मी सोडणार नाही. या ओढाताणीत जे कमकुवत असेल ते फुटते, आणि लाकूड रुंदीतच कमकुवत असते.

यावर तोड फार सोपी आहे. चौकटीच्या पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली, ३ सूत रुंद आणि ४ सूत खोल अशी लांबच लांब खाच पाडा. मग दोन-दोन इंचाचे लाकडी तुकडे करा आणि प्रत्येकाच्या एका टोकाला ४ सूत लांबीची जीभ काढा. जीभ खाचेत जाते, आणि तुकडा खालून एका स्क्रूने वरच्या फळ्यांना धरला जातो. या तुकड्याला आपण ‘पकड’ म्हणू. स्क्रू पट्टीत जात नाही, फक्त वरच्या फळीत जातो. आणि तो फळीतून वर निघणार नाही एवढाच लांब घ्यावा. पकड फळा खाली ओढून धरते, पण त्याला सरकू देते. आखूड पट्ट्यांवरच्या पकडी खाचेतून आडव्या सरकतात. लांब पट्ट्यांवरच्या पकडी खाचेत आतबाहेर होतात. लांब बाजूला प्रत्येकी चार आणि आखूड बाजूला प्रत्येकी दोन पकडी पुरेत. फक्त आखूड पट्टीच्या बरोबर मध्यावर एक स्क्रू पक्का मारावा, म्हणजे फळा दोन्हीकडे सारखा वाढेल आणि सारखा घटेल.

लांब पट्टीवर पकड बसविताना कोणता ऋतू चालू आहे ते पाहावे. उन्हाळ्यात टेबल करीत असाल तर लाकूड सर्वांत आकसलेले असते. ते पुढे वाढणार, म्हणून पकडीचा खांदा आणि पट्टी यांत २ सूत अंतर सोडा. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते. ते पुढे आकसणार, म्हणून पकड पट्टीला भिडवून बसवा. आणि मार्गशीर्ष-पौषात करीत असाल तर मधला मार्ग, १ सूत. माझ्या मते हाच काळ या कामाला सर्वांत चांगला. हवा मध्यम असते, गोंद चांगला धरतो, आणि खरिपाची घाई संपलेली असते.

ही युक्ती कुणा एका देशाची नाही. इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिका इथल्या शेतघरांच्या स्वयंपाकघरांत जाड फळ्यांची लांबलचक टेबले असत. तिथे फळ्या वाकू नयेत म्हणून टोकांना एक आडवी फळी बसवीत. पण चांगला कारागीर ती फक्त मध्यावर पक्की करी आणि कडेच्या खुंट्यांसाठी भोके लांबट ठेवी. आणि आपल्याकडे? घरातला एखादा जुना चांगला पाट उलटा करून पाहा. कित्येक पाटांच्या खालच्या आडव्या पट्ट्या खिळ्यांनी मारलेल्या नसतात. तिरप्या कडांच्या खाचेत त्या नुसत्या सरकविलेल्या असतात. म्हणूनच असे पाट आजीच्या लग्नापासून नातीच्या लग्नापर्यंत सपाट राहतात. ज्याने तो पाट केला त्याने आर्द्रतेचे आकडे कधी ऐकले नसतील, पण त्याचे शास्त्र त्याच्या हातात होते.

राहिले तेलपाणी. जेवणाच्या टेबलाला लाखेचे चकचकीत पॉलिश देऊ नये. गरम पातेले ठेवले की त्यावर पांढरे डाग पडतात. त्यापेक्षा जवसाचे तेल चांगले. मात्र रंगाच्या दुकानातल्या तयार तेलात लवकर सुकण्यासाठी काही द्रव्ये घातलेली असतात, म्हणून शुद्ध तेल विचारून घ्यावे. अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने जास्तीचे तेल पुसून काढावे, काही दिवस वाळू द्यावे आणि असे चार-पाच हात द्यावेत. शुद्ध तेल सुकायला वेळ घेते. घाई करू नये. हळदीचा डाग पडला, ओरखडा उठला, तर तेवढ्या जागी काचकागद मारून पुन्हा तेल लावता येते. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. पहिली, वर जितके हात द्याल तितकेच फळ्यांच्या खालच्या अंगालाही द्या. एका बाजूने ओलावा शिरला आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर फळा परातीसारखा वाकतो. तेलाने हलणे थांबत नाही, फक्त सावकाश होते. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना ऊन्ह होते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. चिंध्या बाहेर दोरीवर मोकळ्या पसरून वाळवा, मगच टाका.

घराची जमीन मातीची, सारवलेली असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा आणि पायांची तळवे तेलरंगाने बंद करा. ओल आणि वाळवी या दोघी खालूनच चढतात.

शेवटी शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. वर्ध्याला १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून हातकामातून शिक्षण देण्याचा विचार पुढे आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकामासारख्या कामांचा अनुभव द्यावा, असे म्हटले आहे. सगळ्या शाळांत सुतारशाळा निघेल तेव्हा निघेल. पण एक प्रयोग उद्याही सुरू करता येईल. जुन्या दाराची दहा-बारा इंच रुंद फळी घ्या. तिच्यातून दोन बारीक पट्ट्या काढा, एक फळीच्या लांबीने आणि एक रुंदीने. दोन्ही बरोबर १० इंच लांब करा आणि वर्गात टांगा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलांनी त्या मिलिमीटरच्या पट्टीने मोजाव्यात आणि शेजारी त्या दिवसाची हवा लिहावी. लांबीने काढलेली पट्टी वर्षभर हलताना दिसणार नाही. रुंदीने काढलेली पट्टी मे आणि ऑगस्ट यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक दाखवील. दोन तुकडे, एक मोजपट्टी आणि एक वही यांतून मुलांना वनस्पतिशास्त्र, हवामान, आलेख आणि सुतारकाम एकदम शिकायला मिळेल. आणि त्यांपैकी कुणी पुढे घरी टेबल करायला घेतले, तर ते वरून खिळे ठोकणार नाही.

गावात वयस्कर सुतार असतील तर काम सुरू करण्यापूर्वी त्यांच्याकडे जाऊन बसा. नांगर, तिफण आणि चाके करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचे पुष्कळसे काम आता राहिलेले नाही. पण लाकूड हातात घेऊन ते कुठे वाकेल हे सांगणारी नजर त्यांच्यापाशी अजून आहे. ती पुस्तकात उतरलेली नाही. त्यांच्या सल्ल्याचा मोबदला द्यायला विसरू नका, आणि टेबल पुरे झाले की पहिल्या पंगतीला त्यांना बोलवा.